शनिवारी सकाळी पावणेनऊ, म्युझियमचं मागचं दार: आमचे आठ शनिवार म्युझिक थेरपीचे

तिघीचौघींनी फोन करून विचारलं, "ते म्युझियमवालं कसं होतं गं?" प्रत्येकीला वेगवेगळं आणि अर्धवट सांगून झालं, म्हणून आता एकदाच बसून सगळं लिहून टाकते. मोठं होणारे, चहा घेऊन बसा.

तर आम्ही मॉन्ट्रियलला राहतो, मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, घरी चिकू म्हणतो म्हणून इथेही चिकूच. इथल्या एका मध्यम आकाराच्या आर्ट म्युझियममध्ये आठ शनिवारांचा म्युझिक थेरपीचा ग्रुप होता, ऑटिस्टिक मुलं आणि त्यांचे आईबाबा, दोघांनी मिळून करायचा. मुलाला आत सोडून बाहेर मोबाईल बघत बसायची सोय नाही, हे आधीच सांगते. म्युझियमचं नाव लिहीत नाही कारण सहाच कुटुंबं होती, लगेच कळेल कोण कोण ते, आणि पुढे मी तक्रारीपण करणारे. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मला विचारा.

(मराठीत स्वमग्न म्हणतात, मला तो शब्द फारसा पटत नाही. चिकू मग्न असतो हे शंभर टक्के खरं, पण 'स्व'मध्ये नाही हो, मेट्रोमध्ये असतो. असो.)

म्युझियम म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच येतो. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी गेलो होतो, नेहमीच्या वेळेला, रविवारी, गर्दीत. चिकूने दहा मिनिटांत एका पितळी कठड्याला जीभ लावली, मग त्या मोठ्या हॉलमध्ये आवाज घुमतो हे त्याला कळलं आणि त्याने जो काही सूर लावला, सगळे वळून बघायला लागले, सिक्युरिटीवाला आला, मी सॉरी, पार्डों, सॉरी, पार्डों करत त्याला उचलून बाहेर. बाहेर उणे अठरा. त्याचा एक बूट आतच राहिला होता. त्यानंतर मी ठरवलं होतं की चित्रं बघायची तर पुस्तकात.

मग ह्या वर्षी शाळेतल्या एका बाईंनी हे पत्रक दिलं. मी आधी ठेवूनच दिलं होतं फ्रीजवर मॅग्नेट लावून, पण आमच्याकडे म्युझियम आणि आरोग्य हे एकत्र ऐकायची लोकांना आता सवय झालीये. शहरातलं जे मोठं आहे ना, मॉन्ट्रियल म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स, तिथे २०१७ मध्ये पूर्ण वेळ नोकरीवर आर्ट थेरपिस्ट घेतला आणि २०१८ च्या नोव्हेंबरपासून तर इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेबरोबर असं केलं की डॉक्टर चक्क चिठ्ठीवर म्युझियम लिहून देऊ शकतील, एकेका डॉक्टरला पन्नासपर्यंत चिठ्ठ्या, पेशंट आणि बरोबरचे घरचे फुकट आत. तेव्हा माझ्या सासूबाई पुण्याहून म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे डॉक्टर फार तर पर्वतीवर जा म्हणतात." तर मोठ्याचं बघून लहान लहान म्युझियमपण आता काय काय करून बघतात, त्यातलंच हे.

भरला फॉर्म. आठ सेशनचे मिळून १६० डॉलर, म्हणजे एका वेळेला वीस. खाजगी म्युझिक थेरपीला ह्याच्या कितीतरी पट जातात आणि सरकारी विम्यात ती बसत नाही, त्यामुळे किंमत ह्या विषयावर माझी तक्रार शून्य.

थेरपिस्टबद्दल दोन वाक्यं. लोकांना वाटतं म्युझिक थेरपिस्ट म्हणजे गिटार येणारी गोड मुलगी. इथे त्यासाठी वेगळं विद्यापीठाचं शिक्षण असतं, कॉन्कॉर्डियात आहे, यूक्वाममध्ये आहे, वर हजार तासांची इंटर्नशिप, मग नावापुढे एमटीए, म्हणजे मान्यताप्राप्त म्युझिक थेरपिस्ट, असं लावता येतं. आमचीच्या नावापुढे ते होतं, मी बघून घेतलं, तुम्हीपण बघत जा. आणि हा गाण्याचा क्लास नाही. कुणालाही काहीही वाजवायला शिकवत नाहीत. मूल जे करतंय, म्हणजे टेबल आपटतंय, गुणगुणतंय, गोल फिरतंय, त्यालाच संगीत समजायचं आणि त्याच्याबरोबर वाजवायचं, असा प्रकार. ही पद्धत १९५९ पासूनची आहे, पॉल नॉर्डॉफ नावाचा अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स नावाचे इंग्लंडमधले खास मुलांचे शिक्षक, ह्या दोघांनी मिळून तिकडे इंग्लंडमध्ये सुरू केली होती. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

पहिल्या शनिवारच्या चार दिवस आधी ईमेलने फोटो आले. मागचं दार, लिफ्ट, लिफ्टची बटणं, सिक्युरिटीवाल्या काकांचा हसरा फोटो, गॅलरीतला बाक, आणि खाली एकेक ओळ, आधी हे मग हे. मी प्रिंट काढून फ्रीजवरच लावले. चिकूने ते दार इतक्या वेळा बघितलं की शनिवारी पोचलो तर आधी दाराच्या कडीला हात लावून मग माझ्याकडे बघितलं, की बघ, आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ह्यांना एक स्टार जास्तीचा देईन. वेळ पावणेनऊ ते पावणेदहा, म्युझियम दहाला उघडतं, म्हणजे आत फक्त आपणच. अर्धे दिवे बंद. घोषणा नाहीत. काकांनी वॉकीटॉकीला इयरफोन लावलेला, खरखर नाही.

आधी पंधरा मिनिटं खाली वर्गासारख्या खोलीत, गालिच्यावर. तिथे सगळी वाद्यं. एक मोठा चपटा ढोल ज्याच्याभोवती सहा जण बसू शकतात, एक आत बारीक मणी असलेला गोल डफासारखा, तो हळू कलंडला की समुद्रासारखा आवाज येतो, कालिंबा (अंगठ्यांनी छेडायचं छोटं वाद्य), रंगीत प्लास्टिकच्या नळ्या, गिटार. मग वर गॅलरीत जायचं, पण वर सगळी वाद्यं न्यायला परवानगी नाही, आणि का नाही ते मला फार आवडलं म्हणून सांगते. खऱ्या बियांचे, भोपळ्याचे खुळखुळे वर चालत नाहीत, कारण फुटले की बिया सांडणार आणि बियांबरोबर किडे, आणि म्युझियमवाल्यांना किड्याची जेवढी भीती तेवढी चोराचीपण नसेल. पाणी असलेलं काही नाही. लांब काठ्या नाहीत, फक्त मऊ बोंडाच्या छोट्या. आणि चित्रापासून दोन मीटरवर जमिनीवर निळी टेप, तिच्या अलीकडे राहायचं. निळी टेप ही चिकूसाठी 'हात लावू नको' ह्यापेक्षा हजार पटीने समजणारी गोष्ट आहे. आठ शनिवारांत त्याने एकदाही ओलांडली नाही. ओलांडली ती एका बाबांनी, फोटो काढायला.

आता खरं काय झालं ते.

पहिले दोन शनिवार चिकूने काहीही केलं नाही. बाकाखाली आडवा, कानावर हेडफोन, हातात त्याचा खेळण्यातला मेट्रोचा डबा. मी सारखी वाकून "बघ चिकू ड्रम, वाजव ना, एकदा वाजव, बघ आई वाजवतेय," असं चाललेलं. थेरपिस्ट माझ्याजवळ येऊन बसली आणि अगदी हळू म्हणाली की पुढची दहा मिनिटं तू काही बोलू नकोस, त्याला काही देऊ नकोस, दाखवू नकोस, फक्त त्याच्या श्वासाबरोबर हा ढोल अगदी हळू चोळ. वाजवायचापण नाही, चोळायचा. मला खरं सांगू का, राग आला. सात वर्षं मी ह्या पोराच्या तोंडासमोर नाचतेय, प्रत्येक थेरपीत मला सांगितलंय बोला, बोलत राहा, दाखवा, हात धरून करवा, घरी दिवसातून तीन वेळा करा, आणि ही म्हणते गप्प बस. पण बसले. दहा मिनिटं काय लांब असतात हो. ढोलाच्या कातड्यावर तळहात फिरवला की असा झाडू मारल्यासारखा आवाज येतो, सरर, सरर. सातव्या आठव्या मिनिटाला बाकाखालून चिकूचा पाय बाहेर आला आणि ढोलाच्या कडेला टेकला. बस. पाय टेकला. त्याला कंप जाणवत होता. मी वर बघितलं तर थेरपिस्टने डोळ्यांनीच सांगितलं, काही बोलू नकोस.

तिचा अजून एक नियम, 'गुड जॉब' म्हणायचं नाही, 'शाब्बास' पण नाही, टाळ्या नाहीत. मूल काही करतं ते बक्षिसासाठी नाही, त्याने वाजवलं तर तुम्ही परत वाजवा, हेच उत्तर. सहा घरचे आठनऊ पालक, सगळ्यांच्या तोंडात गुड जॉब बसलेलं, दर दोन मिनिटाला कुणाच्या तरी तोंडून निसटायचं आणि मग सगळे हसायचे. मला तर कळलं की मी घरी, दूध प्यायलं तरी शाब्बास म्हणते.

तिसरा शनिवार. इथे थोडं मेट्रोबद्दल सांगावं लागेल. मॉन्ट्रियलची मेट्रो १९६६ ची, रबरी टायरवर चालते, आणि जुन्यांपैकी काही गाड्या स्टेशनातून सुटताना तीन सूर यायचे, मोटारला वीज देणाऱ्या यंत्रातून आपोआप, कुणी ठरवून बसवलेले नव्हेत. लोकांना ते इतके आवडायचे की नवीन अझुर गाड्या आल्या तेव्हा दार बंद होताना तेच तीन सूर मुद्दाम ठेवले. चिकूचं सगळं आयुष्य ह्या तीन सुरांभोवती फिरतं. झोपताना, जेवताना, दाताच्या डॉक्टरकडे घाबरला की, दू-दू-दूऽऽ. आम्ही त्याला इतके सरावलोय की ऐकूच येत नाही, किंवा खरं म्हणजे बाहेर असलो की मी म्हणते "चिकू, हळू." तर त्या दिवशी बाकाखालून आलं, दू-दू-दूऽऽ. माझ्या तोंडात 'हळू' आलंच होतं. तेवढ्यात थेरपिस्टने गिटारवर तेच तीन सूर वाजवले. त्याच पट्टीत. शांतता. चिकूने परत. तिने परत. मग तिने दोनच वाजवले आणि थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. तिसरा सूर हवेत लटकलेला. मला गुदमरायला झालं, मी ओठ मिटून बसले होते नाहीतर मीच म्हटला असता. आणि मग चिकूने हेडफोन एका कानावरून बाजूला केला, बाकाखालून डोकं काढलं, तिच्याकडे सरळ बघितलं, आणि तिसरा सूर लावला. तिने दोन, त्याने एक. असं किती वेळा झालं मोजलं नाही. शेवटी तो हसला, तो त्याचा खरा हसण्याचा आवाज, जो आम्हाला आंघोळीच्या वेळेलाच ऐकू येतो.

घरी आल्यावर सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर ही गोष्ट सांगितली. त्या गाणं शिकलेल्या आहेत, मध्यमापर्यंत परीक्षा दिल्यात, मग लग्न आणि सगळं राहिलं, नेहमीचंच. चिकूने तेवढ्यात मागून लावलंच दू-दू-दूऽऽ. त्या एकदम थांबल्या, म्हणाल्या, "परत म्हण रे बाळा." त्याने म्हटलं. "अगं हे प-सा-प आहे! खालचा प, सा, आणि वरचा प. तंबोऱ्याचे सूर आहेत हे, आणि तू त्याला हळू म्हणतेस?" दोन वर्षं तो त्यांना कॉलवर हेच ऐकवत होता आणि मी मागून दटावत होते. त्या दिवसापासून आजी तंबोऱ्याचं अॅप लावतात आणि हे दोघं दर रविवारी प-सा-प करतात, वीस वीस मिनिटं. शब्द एक नाही. आधी कॉलवर आजी "काय जेवलास, शाळेत काय केलंस" विचारायच्या आणि तो उठून जायचा.

चित्रांचा काय संबंध, हा प्रश्न मलाही होता, हे सगळं शाळेच्या हॉलमध्येपण होऊ शकलं असतं की. चौथ्या आठवड्यापर्यंत मला वाटत होतं की म्युझियमला नुसती बातमी करायचीये. मग आम्हाला एका पट्ट्यांच्या चित्रासमोर बसवलं. गिदो मोलिनारी म्हणून ह्याच शहराचा चित्रकार, २००४ मध्ये गेला, साठच्या दशकात त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर नुसत्या उभ्या रंगीत पट्ट्या काढल्या, सगळ्या सारख्या रुंदीच्या. मला अशी चित्रं बघून नेहमी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाचं कनात आठवतं, ह्यात काय मोठं. पण चिकू त्यासमोर उभा राहिला, डावीकडून उजवीकडे मान नेत, आणि प्रत्येक पट्टीला बोटाने मांडीवर एक ठोका. लाल, ठक. निळा, ठक. तोच निळा परत आला की ठोका वेगळा, दोन बोटांनी. तो चित्र वाचत होता. थेरपिस्टने एकेका रंगाची नळी एकेका घरच्याला दिली, आमच्याकडे निळी, आणि चिकू मान नेईल तसं आम्ही वाजवायचं. म्हणजे माझा मुलगा, ज्याला दुकानात रांगेत उभं करता येत नाही, तो नऊ मोठ्या माणसांना मान हलवून वाजवायला लावत होता. एका आईची लाल नळी दोनदा चुकली तर त्याने थांबून पहिल्यापासून सुरू केलं. मला जे कनात वाटत होतं त्याच्यात लय आहे हे मला ह्याने दाखवलं. हे शाळेच्या हॉलमध्ये झालं नसतं, तिथे भिंतीवर अग्निशामकाचं पत्रक असतं.

अजून एक, म्युझियममध्ये चित्रं जागची हलत नाहीत. दर शनिवारी तेच चित्र त्याच भिंतीवर. आपल्याला ते कंटाळवाणं वाटतं, ह्या मुलांना त्याचा केवढा आधार. (ह्याचं उलटं काय झालं ते तक्रारीत येईल.)

पाचव्या शनिवारी मला सर्दी होती म्हणून नवरा गेला. नवरा इंजिनिअर माणूस, तो निघतानाच विचारत होता ह्याचा आउटपुट काय, मोजतात कसं. परत आला तर स्वेटरला पाठीमागून गालिच्याची सगळी लव चिकटलेली. म्हणाला, मी पूर्ण तास बाकाखाली होतो त्याच्याबरोबर, थेरपिस्ट वरून बाकावर वाजवत होती आणि आम्ही खालून. मग जरा वेळाने म्हणाला, बाकाखालून चित्राचा खालचा अर्धाच भाग दिसतो, म्हणून तो मान तशी करतो. सात वर्षांत आम्ही दोघांपैकी कुणी बाकाखाली गेलो नव्हतो.

आता आउटपुटचं बोलूच. बोलायला लागतो का? नाही. चिकू आधी बोलायचा तितकेच शब्द बोलतो. कुणी तुम्हाला म्युझिक थेरपीने ऑटिझम कमी होतो असं सांगत असेल तर तिथून निघा. २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, नऊ देशांतली ३६४ मुलं, चार ते सात वयाची, पाच महिने अशीच उत्स्फूर्त वाजवायची थेरपी, आणि ऑटिझमच्या लक्षणांच्या मोजमापात त्याने म्हणावा असा फरक पडला नाही. हे मला थेरपिस्टनेच सांगितलं, माहितीच्या सेशनमध्ये, स्वतःहून, तिथेच माझा विश्वास बसला. मग २०१८ मध्ये इथे मॉन्ट्रियललाच एक झाला, मेघा शारदा ह्या संशोधिकेचा, ५१ मुलं, सहा ते बारा वयाची, आठ ते बारा आठवडे, अर्ध्यांना म्युझिक, अर्ध्यांना तसंच पण म्युझिकशिवाय खेळ. त्यातपण लक्षणं तेवढीच राहिली, पण संवाद सुधारला आणि पालकांनी सांगितलं की घरातलं एकूण जगणं बरं झालं. आम्ही काही अभ्यास नाही, एक घर आहोत, पण आमचंपण बरोबर हेच. तो तोच आहे. घर बदललं. मी आता वाक्य टाकून थांबते. दहापर्यंत मनात मोजते. बहुतेक वेळा सातला काहीतरी येतं, शब्द नाही, पण येतं, आधी मी तीनलाच दुसरं वाक्य टाकायचे.

आणि स्वतःपुरतं सांगायचं तर, आठवड्यातला तो एक तास मी कुणालाही सॉरी म्हटलं नाही. तिसऱ्या शनिवारी घरी येताना हे लक्षात आलं आणि मेट्रोत उगाच डोळे भरून आले.

आता तक्रारी, आणि त्या बारीक नाहीत.

सहाव्या शनिवारी आम्ही पोचलो तर आमची गॅलरी बंद. नवीन प्रदर्शन लावायचं चाललंय, पट्ट्यांचं चित्र काढून नेलं, आपण दुसऱ्या मजल्यावर बसू. कुणी कळवलं नव्हतं. थेरपिस्टलाही सकाळीच कळलं, तिचा चेहराच सांगत होता. सहापैकी चार मुलं ढासळली. चिकू रिकाम्या भिंतीकडे बघून असा ओरडला की काकांनी इयरफोन काढला. भिंतीवर दोन खिळे आणि फिकट चौकोन, बस. चाळीस मिनिटं गेली त्यात. थेरपिस्ट जिन्यात बसून त्याच्या ओरडण्याच्या पट्टीत गुणगुणत राहिली, त्याला शांत करायला नाही, नुसती सोबत, तेवढं तिचं काम चोख. पण जे म्युझियम दाराच्या कडीचा फोटो पाठवतं त्यांना एक ईमेल टाकता आला नाही? सोमवारी ऑफिसला लिहिलं, तर 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' छापाचं दोन ओळींचं उत्तर. सातव्या आठवड्याला दोन कुटुंबं आलीच नाहीत.

वॉशरूममधला हात वाळवायचा ड्रायर. जेट विमान. सगळ्या गोष्टींचा विचार केला आणि हा राहिला. बटण नाही, आपोआप सुरू होतो, नुसता बाजूने गेलात तरी. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, चौथ्या आठवड्यात त्याच्यावर 'बंद आहे' असा कागद चिकटवला पण ड्रायर चालूच.

भाषा. सगळे फॉर्म फ्रेंचमध्ये, समजू शकते, हे क्वेबेक आहे, फ्रेंच भाषेचा प्रांत. पण सुरुवातीचं नमस्काराचं गाणं फ्रेंच आणि इंग्लिश, आणि घरात आम्ही मराठी. हे मी विचारलं तर थेरपिस्टने लगेच विचारलं तुमच्याकडे घरात चिकू कुठला शब्द सगळ्यात जास्त ऐकतो. मी म्हटलं, 'परत'. तो झोपाळ्यावर, गाडीत, सगळीकडे परत-परत. पुढच्या शनिवारी तिने परत-परत-परत असं तालात बसवून आणलं, त तिला जमत नाही, 'पराट' म्हणायची, आणि एका चिनी कुटुंबातला आणि एका हैतीच्या कुटुंबातला मुलगा दोघं आता पराट-पराट म्हणतात. म्हणजे विचारलं तर करतात. पण विचारावं लागू नये.

आणि सहा कुटुंबांना एक थेरपिस्ट आणि एक मदतनीस कमी पडतात. एक मुलगी होती, शांत, कोपऱ्यात, कुणाला त्रास नाही. तिच्या वाट्याला फार काही आलं नाही असं मला वाटलं. जो ओरडतो त्याच्याकडे लक्ष जातं, तिथेही तेच.

ह्या डिसेंबरमध्ये पुण्याला गेलो तेव्हा धीर करून चिकूला केळकर म्युझियमला नेलं, बाजीराव रोडला. आम्ही लहानपणी शाळेच्या सहलीत रांगेत हात धरून गेलेलो, तेव्हा फक्त मस्तानी महाल आठवत होता. वाद्यांचं दालन आहे तिथे, ते विसरलेच होते. वीणा, सारंग्या, तंबोरे, काचेआड. ते म्युझियमच मुळी दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने केलंय, हे पाटीवर वाचून मी जरा थांबले. चिकू तंबोऱ्यासमोर उभा राहिला. निळी टेप नव्हती, पण त्याने आपापलंच अंतर ठेवलं. सासूबाई मागे उभ्या, मी गप्प, मनात मोजत. सात, आठ, नऊ. सासूबाईंनी अगदी हळू खालचा प लावला, मग सा. आणि थांबल्या. मी त्यांना हे कधी शिकवलं नव्हतं. तिथल्या एक बाई खुर्चीवरून उठून जवळ आल्या, मला वाटलं आता ओरडणार, सॉरी तोंडात तयार होतं. चिकूने तिसरा सूर लावला. बाई म्हणाल्या, "गोड आवाज आहे हो," आणि परत जाऊन बसल्या.

तर कुणी जावं. ज्यांना मुलात बदल हवाय त्यांनी नका जाऊ, चिडाल. ज्यांच्या मुलांना बंद खोलीतले लहान आवाज चालतात पण गर्दी चालत नाही त्यांनी जा. शक्य असेल तर एकेक शनिवार आलटून पालटून आई आणि बाबा जा, दोघं एकदम नको, आम्ही आठव्याला दोघं गेलो आणि दोघंही एकमेकांना गप्प राहा खुणावत बसलो. आजीआजोबा इथे आलेले असतील तर त्यांना नक्की न्या. लहान भावंडांना घेतात, पण सगळा गालिचा आपलाच आहे असं वागतात ती, जमलं तर नका नेऊ.

पाचपैकी साडेतीन. थेरपिस्टला पाच, म्युझियमच्या ऑफिसला दोन.

पुढची बॅच सप्टेंबरला आहे, फॉर्म ऑगस्टमध्ये निघतात आणि दोन दिवसांत भरतात, सकाळीच भरा. दुपारचं सेशन कुणी सुचवलं तर घेऊ नका, तेव्हा म्युझियम उघडं असतं. आणि वॉशरूम तिसऱ्या मजल्यावरचं वापरा, लिफ्टमधून उतरून डावीकडे, तिथे कागदी टॉवेल आहेत.